महागाई सगळ्यांना, भत्ता मोजक्यांना

१९८३ साली महाराष्ट्र शासनाचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होते. वाद होता एका रुपयाचा. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो. पण मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती की फौजदारी न्यायालयाने कर्मचाऱ्याला दोषी ठरवले आणि त्याचे अपील प्रलंबित असले, तर त्याचा निर्वाह भत्ता दरमहा फक्त एक रुपया राहील. न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवून काढून टाकली. ज्या पैशात निर्वाह होऊच शकत नाही तो निर्वाह भत्ता नव्हे, आणि माणसाची भाकरी काढून घेऊन त्याला न्यायासाठी लढ म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

नऊ वर्षांनी, १९९२ मध्ये, याच राज्याने प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. अनुसूचित जाती-जमातींच्या, भटक्या जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतील मुलींना शाळेत हजर राहिल्याच्या दिवसाला एक रुपया मिळायचा. हेतू चांगला होता. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात किंवा शेतावर अडकणारी मुलगी वर्गात यावी आणि तिच्या येण्याने घरचे नुकसान होऊ नये, एवढाच विचार त्यामागे होता. पण तीस वर्षे उलटली तरी दर एक रुपयाच राहिला. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो तोच निर्देशांक या रुपयाला लावला असता, तर आज तो आठ रुपयांच्या आसपास असता. पहिला रुपया न्यायालयाने रद्द केला. दुसरा रद्द करण्याची कुणाला गरजच पडली नाही, कारण महागाईने तो आपोआप संपवला.

भत्त्याबद्दल आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो: किती? पंधराशे की एकवीसशे, हजार की साडेसात हजार. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न दुसराच आहे. ही रक्कम पुढच्या वर्षी कोणत्या नियमाने वाढणार? ज्याच्या भत्त्याला वाढीचा नियम आहे त्याच्याकडे हक्क आहे. ज्याच्या भत्त्याला तो नाही त्याच्याकडे कुणाच्या तरी मर्जीने दिलेली रक्कम आहे, आणि ती दरवर्षी न बोलता कापली जाते. आपल्या राज्यात ही विभागणी अगदी स्पष्ट आहे. ती पाहायला नागपूरइतकी चांगली जागा नाही.

१९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. डिसेंबरात मंत्री रविभवनात आणि आमदार आमदार निवासात उतरतात, आणि यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. त्या मोर्चांत अंगणवाडी सेविका असतात, आशा असतात, शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाया असतात, कंत्राटी कर्मचारी असतात, निराधार आणि दिव्यांग असतात. २०२३ मध्ये ७ डिसेंबरला अधिवेशन सुरू झाले, तेव्हा ४ डिसेंबरपासून राज्यभरातील अंगणवाड्यांचा बेमुदत संप चालू होता. मागण्या अनेक असतात. पण त्यांतली एक दरवर्षी ठरलेली असते, ती म्हणजे रक्कम वाढवा. ज्यांच्या पगाराला महागाई भत्त्याचे सूत्र आहे त्यांना या एका मागणीसाठी दरवर्षी रस्त्यावर यावे लागत नाही.

हे सूत्र आले कुठून? मोर्चांतूनच. दुसऱ्या महायुद्धात भाव भडकले तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कामगारांनी महागाई भत्ता मागितला. हीच रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. १९४० मध्ये सरकारने बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमले. पुढे राज्यघटनेच्या मसुद्याचे सल्लागार म्हणून ज्यांचे नाव झाले तेच हे राव. महागाई भत्ता द्यायचा तर महागाई मोजायची यंत्रणा हवी, आणि ती देशभर एकाच पद्धतीची हवी, असे या न्यायालयाने सांगितले. त्यातून सिमल्यात राहणीमान निर्देशांकाचे कार्यालय उभे राहिले आणि १९४६ मध्ये त्याचे लेबर ब्युरो झाले. कामगारांच्या रेट्यामुळे सरकारला महागाई मोजणे भाग पडले, आणि एकदा ती मोजली जाऊ लागल्यावर भत्त्याचा वाद कुणाच्या दयेचा राहिला नाही, तो हिशेबाचा झाला. भारतीय कामगार चळवळीच्या मोठ्या विजयांत मी याची गणना करतो.

आज हा हिशेब असा चालतो. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढतात. सातव्या वेतन आयोगाचा पाया म्हणून धरलेल्या २६१.४२ या आकड्यापेक्षा ती किती टक्के वर गेली, तेवढा महागाई भत्ता. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, तो बदलतो. २०१६ मध्ये शून्यापासून सुरू झालेला हा दर केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्के झाला आणि जुलै २०२५ मध्ये ५८ टक्के. ५० टक्क्यांचा टप्पा गाठताच घरभाडे भत्ताही आपसूक वाढला. नागपूर ज्या वर्गात मोडते त्या शहरांत तो १८ वरून २० टक्के झाला. राज्य सरकारही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याच दरामागे चालते, थोडे उशिराने का होईना.

या हिशेबातली नागपूरची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. देशातल्या ज्या निवडक केंद्रांतून या निर्देशांकासाठी भाव गोळा केले जातात त्यांत नागपूर आहे. म्हणजे नागपूरच्या बाजारात तूरडाळ, गोडेतेल, भाजी किंवा रॉकेल महागले की त्याची नोंद होते, ती लेबर ब्युरोकडे जाते, आणि देशभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारात तिचे प्रतिबिंब पडते. त्याच बाजारात नागपूरची अंगणवाडी सेविकाही डाळ विकत घेते. तिने मोजलेल्या भावावर सचिवांचा भत्ता वाढतो, तिचे मानधन मात्र जिथल्या तिथे राहते. अन्यायाचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला दूर जायची गरज नाही.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये सेविकेचे मानधन ४,५०० आणि मदतनिसाचे २,२५० रुपये केले. त्यानंतर वर्षे गेली तरी केंद्राचे हे आकडे हलले नाहीत. वाढ झाली ती राज्याने आपल्या हिश्शात घातलेल्या भरीमुळे, आणि तीही संपानंतर. आशांचा केंद्राकडून मिळणारा ठरावीक मोबदला २०१८ मध्ये दरमहा दोन हजार झाला आणि पुढची वाढ व्हायला २०२५ उजाडले. मधल्या काळात याच आशा कोरोनात घरोघर फिरत होत्या. या पैशाला पगार म्हणायचे टाळले जाते ते विनाकारण नाही. पगार म्हटले की किमान वेतन, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन सगळे मागोमाग येते. मानधन म्हटले की काम पूर्ण वेळचे घेता येते आणि जबाबदारी मात्र अर्धवट ठेवता येते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा या आडोशाला पहिले मोठे भगदाड पडले. ते आणखी रुंद झाले पाहिजे.

काम करणाऱ्यांची ही कथा, तर काम करण्याच्या पलीकडे गेलेल्यांची त्याहून वाईट. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालच्या वृद्धांसाठी केंद्र सरकारचा वाटा दरमहा २०० रुपये आहे, आणि २००७ पासून तो तेवढाच आहे. सरकारने आपल्याच कर्मचाऱ्यांचे सूत्र याला लावले असते तर तो साधारण साडेसहाशे झाला असता. कारखान्यांत, सहकारी संस्थांत, महामंडळांत राबून निवृत्त झालेल्या कामगारांसाठी १९९५ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यातले किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये हजार रुपये झाले. त्याला महागाई भत्ता नाही. विदर्भात, बुलढाण्यातून, या निवृत्तांचे जे आंदोलन उभे राहिले ते किमान साडेसात हजार आणि त्यावर महागाई भत्ता मागते. बातम्यांत साडेसात हजारांचीच चर्चा होते. मला मागणीचा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण तो मान्य झाला नाही तर आजचे साडेसात हजारही वीस वर्षांनी पुन्हा उपोषणाला बसवतील. नागपूरच्या एम्प्रेस मिलने १८८६ साली, कुठलाही कायदा सांगत नसताना, कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला होता. ज्या शहराने हे एकोणिसाव्या शतकात पाहिले, त्या शहरातला निवृत्त गिरणी कामगार एकविसाव्या शतकात हजार रुपयांच्या किमान रकमेवर अडकावा, ही प्रगती नव्हे.

विद्यार्थ्यांचेही तेच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. मुंबई-पुण्याबरोबर नागपूरही तिच्या सर्वांत वरच्या गटात आहे: वर्षाला भोजन भत्ता ३२,०००, निवास भत्ता २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००, असे मिळून ६०,००० रुपये. योजना सुरू झाली तेव्हा ही रक्कम खरोखर आधाराची होती. गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडून नागपूरला शिकायला आलेल्या कितीतरी मुलामुलींना तिच्यामुळे खोली घेता आली. पण पुढच्या अनेक वर्षांच्या अर्जांतही तेच आकडे छापून आले. ३२,००० रुपये वर्षाला म्हणजे दिवसाला ८८ रुपयेही नाहीत, आणि त्यांत दोन वेळचे जेवण बसवायचे. मेसवाला दर वाढवताना शासन निर्णयाची वाट पाहत नाही. मग मुलगा एक वेळचा डबा बंद करतो, किंवा रात्रपाळीचे काम धरतो आणि त्याचा अभ्यास मागे पडतो. योजना कागदावर चालू राहते, आतून ती रिकामी होत जाते.

रकमेइतकीच घातक आहे ती गोठलेली उत्पन्न मर्यादा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून राज्यात आहे. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने खिळलेली माणसे अशा निराधारांना ती आधार देते. तिची रक्कम ६०० वरून हजार, हजारावरून पंधराशे अशी उड्या मारत वाढली. पण तिच्या सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपयेच राहिली. महिन्याला १,७५० रुपये. आता हिशेब करू. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एकाने ६८ दिवस काम केले की २१,२१६ रुपये होतात आणि ते घर या मर्यादेबाहेर जाते. कायदा एका हाताने शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होता, आणि दुसऱ्या हाताने सांगत होता की ते काम केलेस तर तू निराधार नाहीस. मग तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर सगळ्यांचे उत्पन्न २१ हजारांच्या आत येते. अर्जदाराला, तलाठ्याला, तहसीलदाराला सगळ्यांना ठाऊक असते की हा आकडा खरा नाही. गरिबाला हक्काच्या पैशासाठी खोटे लिहून द्यायला लावणे, आणि त्या खोटेपणाच्या भीतीत त्याला कायम ठेवणे, हा त्याच्या मानावरचा घाला आहे. मर्यादा भावांबरोबर वाढली असती तर हे खोटे कुणालाच बोलावे लागले नसते.

गोठलेला आकडा कायद्याचा हेतू कसा मारतो याचा जुना दाखला पोटगीचा आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी दरमहा ५०० रुपयांपेक्षा जास्त देता येत नसे. त्या काळी ही मर्यादा फार तोकडी नव्हती. नव्वदचे दशक येईपर्यंत त्या रकमेत आई आणि मूल यांचे पंधरा दिवसही निघत नसत, आणि न्यायाधीशाची इच्छा असूनही त्याचे हात बांधलेले असत. अखेर २००१ मध्ये संसदेने ती मर्यादाच काढून टाकली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे ज्या बायकांनी ते ५०० रुपये घेऊन दिवस काढले त्यांचे नुकसान कुणी भरून दिले नाही.

यावर पहिला आक्षेप तिजोरीचा असतो: सगळ्यांना महागाई भत्ता द्यायला पैसा कुठून आणणार? हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. भाव वाढतात तेव्हा सरकारचे उत्पन्नही वाढते. वस्तू आणि सेवा कर किमतीच्या टक्क्यांत असतो, मुद्रांक शुल्क जमिनीच्या भावावर असते. शंभराचे तेल दीडशेला गेले की त्यावरचा करही दीडपट होतो, आणि तो निराधार विधवेकडूनही घेतला जातो. म्हणजे सरकारच्या जमेच्या बाजूला महागाई भत्ता आधीच लागू आहे. खर्चाच्या ज्या रकान्यात गरीब बसतात तेवढाच त्यातून वगळलेला आहे. शिवाय रक्कम न वाढवणे म्हणजे बचत नव्हे. ती कपात आहे. कपात करायचीच असेल तर ती सभागृहात, आकड्यानिशी, मतदान घेऊन करावी. कोरोनाच्या काळात केंद्राने जानेवारी २०२० ते जून २०२१ या काळातले महागाई भत्त्याचे हप्ते गोठवले. त्या निर्णयावर टीका झाली. पण तो जाहीर होता, त्याला सुरुवात होती आणि शेवट होता, आणि जुलै २०२१ पासून दर १७ वरून एकदम २८ टक्क्यांवर आणला गेला. सूत्र असले की अडचणीच्या दिवसांत थांबताही येते. सूत्रच नसले की थांबलेले कुणाला दिसतही नाही.

दुसरा आक्षेप असा की असे पैसे आपोआप वाढू लागले तर माणसे काम सोडतील. हजार-पंधराशे रुपयांत कुणी काम सोडत नाही. आणि सूत्र त्या माणसाला श्रीमंत करत नाही, ते त्याला फक्त होता तिथे ठेवते. गेल्या वर्षी पंधराशेत जेवढे धान्य, औषध आणि बसभाडे येत होते तेवढेच यंदाही यावे, याहून जास्त काहीच त्यात मागितलेले नाही.

तिसरी अडचण कुणी उघड मांडत नाही, पण खरी अडचण तीच आहे. आपोआप झालेल्या वाढीचे श्रेय कुणालाच घेता येत नाही. जून २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, दरमहा १,५०० रुपयांची. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत एका आघाडीने २,१०० आणि दुसरीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. बाईच्या हातात थेट पैसा जाणे ही मोठी गोष्ट आहे आणि मी तिचा समर्थक आहे. म्हणूनच तिची रक्कम दर पाच वर्षांनी बोलीवर चढावी आणि मधली पाच वर्षे झिजत जावी, हे मला मान्य नाही. लोकशाहीत मतदाराने सरकारकडे हिशेब मागावा. आपलाच हिस्सा राखण्यासाठी त्याला दर निवडणुकीत उपकृत व्हावे लागू नये.

आणि सूत्र बांधणे अशक्य आहे असे तर लोकप्रतिनिधींनी म्हणूच नये. २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने आमदारांचे वेतन प्रधान सचिवांच्या वेतनाशी जोडले. २०१८च्या वित्त अधिनियमाने खासदारांचे वेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढेल असे ठरवले, आणि त्याप्रमाणे एप्रिल २०२३ पासून ते एक लाखावरून १,२४,००० रुपये झाले. अधिवेशनाचा दैनिक भत्ता २,००० वरून २,५०० आणि माजी खासदारांचे निवृत्तिवेतन २५,००० वरून ३१,००० झाले. या निर्णयांना माझा विरोध नाही. लोकप्रतिनिधीला योग्य वेतन मिळाले पाहिजे आणि ते त्याला स्वतः वारंवार वाढवून घ्यावे लागू नये, हे तत्त्व बरोबरच आहे. माझे म्हणणे एवढेच की जे तत्त्व सभागृहातल्यांसाठी बरोबर आहे ते सभागृहाबाहेर, टेकडी रोडवर बसलेल्यांसाठीही बरोबर आहे.

गरिबांसाठी असे सूत्र याआधी झालेलेही आहे. १९४८च्या किमान वेतन कायद्यात राहणीमानाच्या निर्देशांकाप्रमाणे बदलणाऱ्या विशेष भत्त्याची सोय होती आणि महाराष्ट्रात तो दर सहा महिन्यांनी जाहीर होत आला आहे. राष्ट्रीय रोजगार हमीची मजुरी २०११ पासून शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाशी जोडली गेली. देशाला रोजगार हमीची वाट महाराष्ट्राने दाखवली; १९७७ साली त्याचा कायदा याच विधिमंडळाने केला. भत्त्याच्या बाबतीतही पुढाकार याच राज्याने घ्यावा.

करायचे काम मोठे नाही. राज्याच्या तिजोरीतून व्यक्तीला मिळणारे प्रत्येक मानधन, अनुदान, निवृत्तिवेतन आणि विद्यार्थी भत्ता, आणि त्यांच्या पात्रतेची प्रत्येक उत्पन्न मर्यादा, दरवर्षी १ एप्रिलला निर्देशांकाप्रमाणे बदलेल असा एक कायदा करावा. निर्देशांक निवडताना गरिबाच्या खर्चात अन्नाचा आणि औषधाचा वाटा मोठा असतो हे धरावे. दर दहा वर्षांनी मूळ रक्कमच पुरेशी आहे का हे तपासायला वेतन आयोगासारखा आयोग नेमावा. आणि एखाद्या वर्षी वाढ थांबवायची झाली तर सरकारने कारण देऊन सभागृहाची मंजुरी घ्यावी.

पुढच्या हिवाळी अधिवेशनाआधी तुमच्या मतदारसंघातला आमदार तुम्हाला भेटेल, कार्यक्रमाला येईल, निवेदन स्वीकारेल. त्याला रक्कम किती वाढवणार हे विचारू नका. आमदारांच्या वेतनाला जे सूत्र आहे ते अंगणवाडी सेविकेच्या मानधनाला आणि निराधार विधवेच्या अनुदानाला लावण्यासाठी सभागृहात मत देणार का, एवढेच विचारा, आणि उत्तर लेखी मागा.